चमच्याचमच्याने

शहराच्या त्या भागात पाणी सकाळी सहा ते आठ एवढेच यायचे, आणि ते सोडायचे काम चावीवाल्यांचे. कार्यालयाच्या हजेरीपुस्तकात त्यांचे नाव होते, पण बाकी सगळ्यांसाठी ते चावीवालेच. कमरेएवढी उंच लोखंडी चावी खांद्यावर टाकून ते अंधूक उजेडात निघायचे. प्रत्येक गल्लीच्या तोंडाशी वाकून चेंबरचे झाकण सरकवायचे, चावी आत बसवायची आणि व्हॉल्व्ह फिरवायचा. कुठल्या गल्लीचा व्हॉल्व्ह किती आट्यांत उघडतो, कुठला मध्येच अडून बसतो, हे त्यांना तळहातावरच्या रेघांसारखे पाठ होते. तीस वर्षे झाली होती या कामाला, आणि निवृत्तीला जेमतेम एक वर्ष उरले होते.

सात नंबरच्या गल्लीला ते पाच मिनिटे आधी पाणी सोडायचे. हे त्यांनी कुणाला सांगितले नव्हते, आणि कुणी विचारलेही नव्हते. त्या गल्लीत चौथ्या घरात त्यांची नात राहायची.

मुलगा मोटारसायकलच्या अपघातात गेला तेव्हा नात दीड वर्षाची होती. गालात घास धरून बसायची म्हणून चावीवाल्यांनी तिचे नाव खारू ठेवले होते. सून वर्षभर सासरीच राहिली. मग एके दिवशी ती समोर येऊन बसली आणि म्हणाली की एक ड्रायव्हर आहे, चांगला माणूस आहे, मी लग्न करायचे म्हणते. मागून काही केले नाही, तोंडावर सांगितले. चावीवाल्यांच्या डोक्यात मात्र त्या क्षणी मुलगा दुसऱ्यांदा गेला.

"जा," ते म्हणाले. "पण मग या घराचा आणि तुझा संबंध संपला."

"खारूला दर रविवारी घेऊन येईन, बाबा."

"नको. तुटलं ते तुटलं."

बोलताना त्यांना वाटले होते की चार दिवस जातील, राग उतरेल आणि ती पोरीला कडेवर घेऊन दारात उभी राहील. पण सुनेने त्यांचा शब्द शब्दशः पाळला. ती आली नाही. आणि आपण होऊन जायचे, तर जीभ उचलून टाळ्याला लावलेली. ती खाली कशी घ्यायची हे चावीवाल्यांना जमेना. दोन वर्षे अशीच गेली. उरले ते एवढेच: सकाळी व्हॉल्व्ह उघडला की पाइपातून खळ्ळकन आवाज जायचा, आणि ते मनात म्हणायचे, निघालं बघ खारूचं आंघोळीचं पाणी.

पाणी सोडल्यावर प्रत्येक गल्लीतून एक फेरी मारायची, कुठे ओल दिसते का, नळातून गढूळ येते का ते बघायचे आणि वहीत लिहायचे, हाही कामाचाच भाग होता. बाकीच्या अकरा गल्ल्या ते इमानेइतबारे चालायचे. सातव्या गल्लीच्या तोंडाशी मात्र पाय थबकायचे. तिथे उभे राहून ते आत नजर टाकायचे, चौथ्या घराच्या दाराशी छोट्या चपला दिसतात का बघायचे, आणि वहीत 'गळती नाही' असे लिहून पुढच्या गल्लीकडे वळायचे.

त्या मंगळवारी सातव्या गल्लीचा व्हॉल्व्ह उघडून ते उठले, तर समोर आरोग्यकेंद्राची सिस्टर उभी. खांद्याला पिशवी, हातात वही.

"सोडलं का पाणी, काका?"

"सोडलं की. हे काय, आत्ताच."

"बंद करा. या गल्लीत रविवारपासून जुलाब चालू आहेत. नऊ मुलं आणि दोन म्हातारी माणसं. बाजूच्या गल्ल्यांत कुणाला काही नाही. म्हणजे पाण्यातूनच आहे."

चावीवाल्यांनी चावी पुन्हा आत बसवली. फिरवता फिरवता मान वर न करता विचारले, "कुठकुठली घरं?"

सिस्टरने वही उघडली. "दोन, तीन, चार, सहा..."

"चारात कोण?"

"मुलगी आहे, पाचेक वर्षांची. काल दुपारपासून."

चौदा आटे होते त्या व्हॉल्व्हला. एरवी एका दमात फिरणारी चावी त्यांना दोनदा थांबून फिरवावी लागली.

त्यांनी साहेबांना फोन लावला. नऊपर्यंत टँकर येईल, खोदाईची माणसे घेऊन फिटर बारा वाजता येईल, तोवर व्हॉल्व्ह उघडू नका, असे साहेबांनी सांगितले. मग सिस्टर पुढे आणि चावीवाले मागे, असे ते गल्लीत शिरले. दोन वर्षांत पहिल्यांदा.

तीस पावलेही चालावी लागली नाहीत. तिसऱ्या घरासमोर घरगुती जोडणीचा पाइप गटारातूनच पलीकडे गेला होता. गटार तुंबले होते, पाइप पाण्याखाली बुडाला होता, आणि सांध्यापाशी बुडबुडे येत होते. आंधळ्यालाही दिसले असते. पाणी चालू असते तोवर सांध्यातून बाहेर गळत राहते. बंद केले की रिकामा होणारा पाइप गटारातली घाण आत ओढून घेतो, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ती नळातून भांड्यात येते. चावीवाल्यांना हे कुणी शिकवायची गरज नव्हती. नव्या पोरांना तेच हे शिकवायचे.

तिसऱ्या घरातली बाई उंबऱ्यात उभी होती. "महिना झाला याला," ती म्हणाली. "सांगणारच होतो तुम्हाला. पण तुम्ही इकडे येताच कुठे?"

त्यांनी मान खाली घातली. घरोघर जाऊन सांगितले की आज भरलेले ओतून द्या, टँकरचेही उकळल्याशिवाय पिऊ नका. तीन नंबरला सांगितले, पाचला सांगितले. चौथे दार सिस्टरने वाजवले, तेव्हा ते रस्त्याच्या पलीकडे जाऊन उभे राहिले.

पाच मिनिटांत सिस्टर बाहेर आली आणि सरळ त्यांच्याकडे आली.

"काका, तुमचा फिटर बाराला येणार ना? तोवर तुम्ही काय करणार आहात?"

"इथं... लक्ष ठेवीन."

"गटारावर लक्ष ठेवून ते पळून जात नाही. त्या घरात आई एकटी आहे. नवरा गाडी घेऊन बाहेरगावी गेलाय, उद्या येईल. अंगावर पिणारं बाळ आहे, ते तिला सोडत नाही. आणि मोठीला दर मिनिटाला चमचा चमचा पाणी पाजायला माणूस पाहिजे. मला नऊ घरं आहेत. चला."

"त्या घरात मी जात नाही, सिस्टर."

"का?"

"जुनं आहे काहीतरी."

सिस्टरने त्यांच्याकडे बघितले. "पोरीचे डोळे खोल गेलेत, काका. तुमचं जुनं इथं ठेवा, बाराला परत घ्या."

सून दारातच होती. कडेवर चार महिन्यांचे बाळ, केस सुटलेले, डोळे जागून लाल झालेले. चावीवाल्यांना बघून तिने आधी बाळाला दुसऱ्या कडेवर घेतले. मग बाजूला सरली आणि म्हणाली, "बाबा, आत या."

खोली छोटी होती, पण नीटनेटकी. खिडकीखाली गादीवर खारू पडली होती. चावीवाल्यांच्या डोळ्यांसमोर दोन वर्षे जे मूल होते, ते हे नव्हतेच. हात-पाय लांब झाले होते, पुढचा एक दात पडला होता. ओठ कोरडे पडून त्यांना भेगा गेल्या होत्या. सिस्टरने तिच्या पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली. कातडी जाग्यावर गेली, पण सावकाश, मनाविरुद्ध गेल्यासारखी.

"शू कधी केली होती?"

"काल रात्री," सून म्हणाली. "त्यानंतर नाही. पाणी पाजलं की उलटतं, आणि शेजारच्या म्हणाल्या की पोटाला आराम द्या, काहीच देऊ नका. म्हणून मी..." तिने बाळाला घट्ट धरले. "चूक केली का मी?"

"सगळ्याच आया हेच ऐकत आल्यात," सिस्टर म्हणाली. "पण जुलाबात पोटाला आराम लागत नाही, पाणी लागतं. जितकं खालून जातंय तितकं वरून आत गेलं पाहिजे. बाळाला अंगावरचं चालू ठेव, त्याला दुसरं काही नको." तिने पिशवीतून लिटरभराची सीलबंद पाण्याची बाटली काढली, एका स्वच्छ भांड्यात ती पूर्ण ओतली आणि जलसंजीवनीची पुडी फोडून त्यात ढवळली. "पुडी नसेल तर लिटरभर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. मीठ जास्त नको, अजिबात नको. काका, हात धुवा. साबणाने. कोपरापर्यंत राहू द्या, पण नखं नीट."

चावीवाल्यांनी तीस वर्षांत धुतले नसतील इतके हात धुतले.

"दर मिनिटाला एक चमचा," सिस्टर म्हणाली. "तहान लागली म्हणून ती भांडं ओढेल, गटागट देऊ नका. ओकली तर दहा मिनिटं थांबायचं आणि पुन्हा सुरू, आधीपेक्षा हळू. ओकली म्हणून सोडायचं नाही. पेंगायला लागली, हाका मारून उठेना, किंवा शौचात रक्त दिसलं तर मला लगेच बोलवा, थेट हॉस्पिटलात न्यायची. मी फिरून येतेच." आणि ती गेली.

चावीवाले गादीशेजारी मांडी घालून बसले. त्यांनी पहिला चमचा पुढे केला. निम्मे पाणी हनुवटीवर सांडले. पोरीने डोळे उघडले आणि त्यांच्याकडे निरखून बघितले.

"आई, हे आजीचे आजोबा ना?"

चावीवाल्यांनी सुनेकडे बघितले. सून खिडकीकडे बघायला लागली.

"आजीनं फोटो दाखवला होता," खारू क्षीण आवाजात म्हणाली. "पण फोटोत केस होते."

चावीवाल्यांची बायको दर गुरुवारी दुपारी गुडघ्याला शेक घ्यायला जायची. दोन वर्षे न चुकता. गुडघा काही बरा होत नव्हता, पण ती घरी यायची तेव्हा चेहरा कसा टवटवीत असायचा! शेक देणाऱ्याच्या हाताला गुण आहे, असे चावीवाल्यांनी स्वतः चार लोकांना सांगितले होते.

"दर गुरुवारी?" त्यांनी विचारले.

"दर गुरुवारी," सून म्हणाली. "आईंनी शपथ घातली होती, तुम्हाला सांगायचं नाही म्हणून."

राग यायला हवा होता. आला तो मत्सर, आणि तोही लहान मुलासारखा. दोन वर्षांतले शंभर गुरुवार बायकोने एकटीने खाल्ले होते, आणि ते गल्लीच्या तोंडाशी उभे राहून चपला बघत होते.

दुसरा चमचा, तिसरा, चौथा. पंधराव्या चमच्याला खारू उठून बसली आणि सगळे त्यांच्या सदऱ्यावर ओकली. सुनेच्या डोळ्यांत पाणी आले. "नाही राहत तिच्या पोटात. जाऊ दे, बाबा."

"दहा मिनिटं," चावीवाले म्हणाले. त्यांनी सदरा पुसला, जमीन पुसली, पुन्हा हात धुतले आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत बसले. दहा मिनिटे होताच चमचा हातात घेतला.

खारू तोंड फिरवू लागली, तेव्हा ते म्हणाले, "मी पाणी सोडणारा माणूस आहे. मला बारा गल्ल्या आहेत. हा बघ, हा चमचा पहिल्या गल्लीचा. आता दुसऱ्या गल्लीतले लोक ओरडतायत, आमचं पाणी कुठंय?"

"मग द्या त्यांना," ती म्हणाली आणि तोंड उघडले.

बारा गल्ल्या झाल्या की पुन्हा पहिलीपासून. सातवी आली की तिला दोन चमचे हवे असायचे, कारण ती आमची गल्ली आहे. दोन कसे द्यायचे? ते मिनिटभर थांबून दुसरा द्यायचे.

नऊच्या सुमारास बाळ झोपले. सून त्यांच्या समोर भिंतीला टेकून बसली. चावीवाल्यांनी चमच्यावरची नजर न काढता सांगून टाकले.

"पोरी, हे माझ्यामुळं झालंय. महिनाभर तो सांधा गळतोय. रोज या गल्लीतून चालायचं काम माझं होतं. मी आलो नाही. वहीत खोटं लिहीत राहिलो."

खारूने आणखी दोन गल्ल्या संपवल्या.

"तुम्ही येत नाही हे मला माहीत होतं," सून म्हणाली. "पाणी आम्हाला आधी येतं हेही माहीत होतं. आठव्या गल्लीत माझी मैत्रीण आहे, तिच्या नळाला पाणी यायचं तोवर माझी घागर भरलेली असायची. मी ह्यांना म्हणायचे, बाबांचा राग गेलाय, येतील एखाद्या दिवशी. सुरुवातीला तर मी सकाळी दार उघडं ठेवायचे." तिने पदराने नाक पुसले. "पाच मिनिटं आधी पाणी पाठवण्यापेक्षा तीस पावलं चालत आला असता तर, बाबा."

आवाज चढला नव्हता. चढला असता तर बरे झाले असते, त्याला उत्तर देता आले असते. चावीवाल्यांनी पुढचा चमचा भरला. तो भरताना त्यांना दिसेनासे झाले होते, म्हणून ते क्षणभर थांबले. "आठवी गल्ली ओरडतेय," खारूने आठवण करून दिली.

साडेदहाला सिस्टर डोकावून गेली. अजून शू नाही म्हटल्यावर तिने कपाळाला आठी घातली, खारूचे डोळे बघितले आणि म्हणाली, "तासभर बघू. नाही झाली तर नेऊ." तो तास चावीवाल्यांना जड गेला. आयुष्यभर हजारो घरांत पाणी पोचवलेला माणूस चमच्याने पाजलेले पाणी कधी बाहेर पडते याची वाट बघत बसला होता. दर थोड्या वेळाने ते विचारायचे, "येतेय का गं?" आणि खारू विचार करून मान हलवायची. एकदा तर ती वैतागून म्हणाली, "आली की सांगते ना!"

सव्वाअकराला तिने सांगितले. सून तिला उचलून मोरीत घेऊन गेली, आणि आतून आवाज आला, "झाली, बाबा. भरपूर झाली." चावीवाले चमचा हातात धरून भिंतीला टेकले. त्यांना हसू आले आणि हसता हसता रडू आले, आणि दोन्हींतले कुठले आवरावे हे कळेना.

सिस्टरने येऊन पुन्हा कातडी चिमटीत धरून बघितली. या वेळी ती लगेच जाग्यावर गेली. तिने झिंकच्या गोळ्या दिल्या. जुलाब थांबले तरी चौदा दिवस रोज एक. भूक लागेल तसा मऊ भात, केळे द्यायचे, उपाशी ठेवायचे नाही. दर जुलाबामागे कपभर हे पाणी. "आणि काका," ती म्हणाली, "बारा वाजत आले. तुमचं जुनं घ्यायचं राहिलंय बाहेर." चावीवाले चमचा विसळायला मोरीकडे गेले.

फिटर आला. खोदाईला माणसे होती, तरी चावीवाल्यांनी स्वतः कुदळ घेतली. सडलेला पाइप कापून काढला, नवा गटाराच्या वरून नेला, गटार उपसले. दुसऱ्या दिवशी सकाळभर नुसते पाणी सोडून नळ्या धुतल्या, क्लोरीनचा डोस दिला, प्रत्येक नळाचे पाणी तपासले, आणि मगच लोकांना भरू दिले. गल्लीतली दोन मुले हॉस्पिटलात न्यावी लागली होती, सलाइनवर होती. ती शुक्रवारी घरी आली. तोवर चावीवाले रोज त्यांच्या दाराशी जाऊन विचारून यायचे.

वही घेऊन ते साहेबांकडे गेले आणि सातव्या गल्लीपुढचे सगळे 'गळती नाही' खोटे आहेत, असे सांगितले. साहेबांनी वही चाळली. "तुम्ही? तुमच्याकडून ही अपेक्षा नव्हती," एवढेच ते म्हणाले. चौकशी झाली, ताकीद मिळाली, आणि उरलेल्या वर्षासाठी त्यांची बदली शहराच्या दुसऱ्या टोकाला, पाणी शुद्ध करण्याच्या केंद्रावर झाली. चावी दुसऱ्या माणसाकडे गेली. त्याला ते तीन दिवस गल्ल्यांतून हिंडवत होते. सातव्या गल्लीत दोनदा.

घरी बायको भाजी निवडत होती. चावीवाले तिच्या समोर बसले.

"गुडघा कसा आहे?" त्यांनी विचारले.

बायकोने मान वर केली, त्यांच्या चेहऱ्याकडे बघितले, आणि पुन्हा भाजी निवडू लागली. "आता बरा वाटतोय," ती म्हणाली.

"मला सांगायचं तरी."

"सांगितलं असतं तर माझाही गुरुवार गेला असता." थोड्या वेळाने ती म्हणाली, "सून म्हणालीय रविवारी या म्हणून. तुमचं तुम्ही जा. माझा गुरुवार मी सोडणार नाही."

रविवारी चावीवाले धुतलेला सदरा घालून निघाले. चावीशिवाय चालताना खांदा उगाच हलका वाटत होता. दार ड्रायव्हरने उघडले. उंच, लाजरा माणूस; त्याने आधी खुर्ची पुढे केली, मग ती पुसली, मग काय बोलावे ते न सुचून चहा टाकायला आत गेला.

"खारू ह्यांच्या बहिणीकडे गेलीय," सून म्हणाली. "त्यांच्या मुलीचा वाढदिवस आहे. मी आईंना निरोप द्यायला विसरले, बाबा."

"असू दे, असू दे," चावीवाले म्हणाले. त्यांनी भिंतीकडे बघितले. तिथे पेन्सिलीने उंचीच्या खुणा केल्या होत्या, दोन वर्षांच्या, एकावर एक. खालच्या खुणेपासून वरच्या खुणेपर्यंत वीतभर अंतर होते. ते त्यांनी बोटांनी मोजले, आणि कुणी बघितले का म्हणून हात मागे घेतला. एवढी ती त्यांच्या नजरेआड वाढली होती, आणि ते वाढणे आता कुठल्याही रविवारी परत मिळणार नव्हते.

चहा झाला. ड्रायव्हरने रस्त्यांबद्दल सांगितले, चावीवाल्यांनी नव्या केंद्राबद्दल. चावीवाले उठायला लागले, तेवढ्यात पाळण्यातले बाळ रडू लागले. सुनेचे हात कणकेत होते, ड्रायव्हर कपबशा धूत होता.

"बाबा, जरा घेता का?"

चावीवाले मोरीकडे गेले, साबणाने हात धुतले, आणि त्यांनी बाळाला मांडीवर घेतले. त्यांच्या मुलाचे ते कुणी नव्हते. त्याने त्यांचे बोट मुठीत धरले आणि रडायचे थांबले.

"खारू पाचपर्यंत येईल," सून आतून म्हणाली. "थांबाल?"

घड्याळात सव्वातीन झाले होते. "थांबतो की," चावीवाले म्हणाले, आणि दाराकडे तोंड करून नीट टेकून बसले.